वॉकर आडनावाची माणसं पूर्वी नक्की कुठे चालत होती?

निरगुडी:

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई वॉकर घेऊन चालते. सध्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या लीड्सला आली आहे. शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा राहतात, त्यांचं आडनावच वॉकर. दारावरची पाटी तिने एकेक अक्षर लावत वाचली आणि मला विचारलं, "यांच्यात कुणी फार चालायचं का रे?" मी म्हटलं, असेल कुणी वारकरी.

तिचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून मला दुभाषी करून तिने त्यांनाच विचारलं. आजोबा खो खो हसले. म्हणाले, "चालायचे ना. पण एकाच जागी. आणि मुतात."

मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण मग वाचत गेलो आणि त्यांचा शब्द न् शब्द खरा निघाला.

लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते अंगावर घालण्याजोगं नसतं. वीण विरळ, आणि मेंढीच्या अंगचं तेल व कातताना लावलेलं लोणी-तेल यांमुळे सगळं चिकट. ते हौदात टाकायचं, त्यात शिळं मूत्र आणि एक खास माती कालवायची, आणि पायांनी तासन्‌तास तुडवायचं. तेल सुटतं, तंतू एकमेकांत गुंततात, कापड आटून जाड होतं आणि वारापाऊस अडवायला लागतं. मग ते माळावर लाकडी चौकटींना आकड्यांनी ताणून वाळत घालायचं. या चौकटीला टेंटर म्हणत. जीव टांगणीला लागला की इंग्रज माणूस 'ऑन टेंटरहुक्स' म्हणतो, ते हेच आकडे.

हे तुडवण्याचं काम करणारा तो वॉकर. जुन्या इंग्रजीत वेआल्कन म्हणजे लोळवणं, घोळवणं, लाटांसारखं हेलकावणं. 'पायी जाणं' हा अर्थ त्या क्रियापदाला १२०० च्या आसपास येऊन चिकटला. म्हणजे आपण जो मूळ अर्थ धरून चालतो तोच मागाहून आलेला.

पण मला धागा काढावासा वाटला तो याच्या पुढच्या गोष्टीमुळे. हेच काम करणाऱ्याला सगळ्या इंग्लंडात वॉकर म्हणत नसत. आग्नेयेला, म्हणजे ससेक्स, केंट, सफक, नॉरफोक या पट्ट्यात, तो फुलर. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉलमध्ये तो टकर. आणि मिडलंड्सच्या पश्चिम भागापासून वर यॉर्कशर, लँकेशर, डरहॅम करत थेट स्कॉटलंडपर्यंत वॉकर. हौद तोच, घाण तीच, शब्द तीन. तेराव्या-चौदाव्या शतकात आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली तेव्हा ज्या भागात जो शब्द होता तो तिथल्या माणसांच्या नावामागे कायमचा बसला. आणि १८८१ च्या खानेसुमारीवरून काढलेले आडनावांचे नकाशे बघितले तर पाचशे वर्षांनंतरही ते तीन पट्टे बऱ्यापैकी जागच्या जागी दिसतात! मध्ये यादवी युद्ध झालं, रेल्वे आली, खेडी ओस पडून शहरं फुगली, तरी.

आपल्याकडे असं काही आहे का? एकच धंदा, पण मुलखाप्रमाणे शब्द वेगळा आणि तोच आडनावात उतरलेला?

खडीसाखर:

आम्हाला एकच वॉकर ठाऊक आणि तो हौदात नव्हे, ग्लासात असतो.

बाकी आईंचा प्रश्न आवडला. वाळकेश्वरचा या मंडळींशी संबंध जोडून टाका म्हणजे धागा शंभरी गाठेल.

निरगुडी:

@खडीसाखर, वाळकेश्वर म्हणजे वालुकेश्वर, वाळूचं शिवलिंग. तिकडे कुणी लोकर तुडवत नव्हतं. शंभरी दुसऱ्या कशावर तरी गाठू.

सातारी_कंदी:

आपल्याकडचं उदाहरण: परीट आणि वरठी. आमच्याकडे कपडे धुणारा परीट. बायकोचं माहेर वर्ध्याचं, तिच्या तोंडी वरठी. लग्नानंतर वर्षभर मी वरठी हे कुणाचं तरी नाव समजत होतो. तसंच न्हावी आणि वारीक. मराठवाड्यातल्या मित्राने "वारकाकडे जाऊन येतो" म्हटल्यावर मी त्याला पंढरपूरची वाट विचारली होती.

पण आडनावाचं म्हणाल तर आपल्याकडे गावाला 'कर' लावायची खोड मोठी, त्यामुळे शब्दांचे असे पट्टे फार स्पष्ट उमटत नसावेत.

वाटचुका:

धागाकर्त्याने एकच बाजू मांडली आहे. मी लहानपणापासून ऐकलंय की वॉकर म्हणजे राजाच्या राखीव जंगलात गस्त घालणारा रक्षक. जंगलाचे भाग पाडलेले असत, त्यातल्या एका भागाला 'वॉक' म्हणत, त्यावर नेमलेला तो वॉकर. हे जास्त सरळ नाही का? मुतात नाचण्यापेक्षा बरं तरी.

निरगुडी:

@वाटचुका, वॉक म्हणजे जंगलाचा नेमून दिलेला भाग आणि त्यावरचा वॉकर, हा शब्द खराच होता. एखाददुसरं घराणं तिथून आलं असेलही. पण असा विचार करा: राखीव जंगलं दक्षिणेतही भरपूर होती. हॅम्पशरचं न्यू फॉरेस्ट, लंडनजवळचं वॉल्थम फॉरेस्ट. रक्षकांवरून आडनाव पडलं असतं तर वॉकरांची दाटी तिथेही दिसायला हवी होती. ती दिसते लोकरीच्या उत्तरेत. आणि जिथे वॉकर विरळ होतात नेमके तिथेच फुलर किंवा टकर दाट होतात. एकाची जागा दुसरा भरून काढतो, कारण काम एकच आहे. रक्षकाच्या गोष्टीतून हा नकाशा कसा निघेल ते सांगा, मी शब्द मागे घेतो.

तिसरी एक वाट आहे, ती अगदी बारीक. न्यूकॅसलमध्ये टाइन नदीकाठी वॉकर नावाची वस्ती आहे. तिचा चालण्याशी किंवा तुडवण्याशी संबंध नाही. रोमन सम्राट हेड्रियनची भिंत तिथून जाते, त्या भिंतीजवळची दलदल म्हणजे वॉल-कर, त्याचं वॉकर. तिथून बाहेर पडलेल्या कुणाला गावावरून हे नाव मिळालेलं असू शकतं. म्हणजे आपल्या 'कर'सारखंच, फक्त त्यांच्याकडे कर म्हणजे चिखल :)

वाटचुका:

हॅम्पशरचा मुद्दा पटला. दलदलीचा जास्त आवडला.

हिशेबनीस:

आकड्यांशिवाय आडनावांची चर्चा म्हणजे मिठाशिवाय पिठलं, म्हणून थोडं मीठ टाकतो.

इंग्लंड-वेल्सच्या रजिस्ट्रार जनरलने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आडनावांची मोजदाद केली होती. जन्म, मृत्यू, विवाहांच्या नोंदींवरून १८५३ साठीचा अंदाज काढला. स्मिथ २,५३,६००, जोन्स २,४२,१००. साधारण दर ७३ माणसांत एक स्मिथ. त्या यादीत वॉकर पहिल्या वीसांत येतात, साठ हजारांच्या आसपास. आजही क्रमांकाने ते त्याच सुमाराला आहेत. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत वॉकर पाच लाखांहून अधिक आणि क्रमांक पहिल्या ३५ मध्ये. तिथे फुलर आणि टकर या दोघांची बेरीज केली तरी एकट्या वॉकरला गाठत नाही.

आता गंमत अशी की मध्ययुगात लोकरीच्या कापडासाठी नावाजलेला मुलूख एकट्या उत्तरेचा नव्हता. सफक, डेव्हन, सॉमरसेट, विल्टशर ही श्रीमंत केंद्रं होती. म्हणजे फुलर आणि टकर संख्येने इतके मागे पडायला नको होते. माझ्या मते दोन कारणं. एक, वॉकरचा पट्टा मुळातच मोठा. अर्धं इंग्लंड आणि वर स्कॉटलंड. दुसरं, १७५० नंतर लोकसंख्या जिथे फुगली ते प्रदेश म्हणजे वेस्ट रायडिंग (यॉर्कशरचा पश्चिम भाग), लँकेशर, डरहॅमचा कोळसा पट्टा. जे नाव तिथे होतं ते वाढलं. आडनावाचं भाग्य त्याच्या अर्थावर ठरत नाही, ते चारशे वर्षांनी कारखाना कुठे निघाला यावर ठरतं.

अमेरिकेतल्या वॉकरांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत. गुलामगिरी संपल्यावर अनेकांनी मालकाचं किंवा परिसरात रुळलेलं आडनाव घेतलं किंवा त्यांच्यावर ते आधीपासून लादलेलं होतं. केशप्रसाधनांच्या धंद्यातून गडगंज झालेल्या मादाम सी. जे. वॉकर मूळच्या सारा ब्रीडलव्ह, जन्म १८६७. वॉकर हे त्यांच्या नवऱ्याचं नाव. यॉर्कशरच्या हौदाशी अशा लाखो माणसांचं रक्ताचं नातं शोधायला जाऊ नये.

घोंगडीवाला:

कोल्हापूरकडचा आहे, मेंढरांत वाढलोय, म्हणून लिहितो. आमच्याकडे जेन करतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जेन म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, ते विणत नाहीत. पिंजलेली लोकर पसरायची, ओली करायची, गुंडाळायची आणि दाबत-लाटत राहायचं. लोकरीला ओल आणि मार मिळाला की ती आपोआप एकमेकींत गच्च बसते. एकदा बसली की सोडवून दाखवा. लोकरीच्या प्रत्येक केसाला बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात. वॉकर लोक विणलेल्या कापडावर हेच करत होते म्हणायचे. वुलनचा स्वेटर गरम पाण्यात बदडून धुतल्यावर बाळाच्या मापाचा होतो, तोसुद्धा हाच प्रकार.

त्या खास मातीबद्दल कुणी काहीच लिहिलं नाही. कुठली माती ती?

निरगुडी:

@घोंगडीवाला, खवल्यांचं छान सांगितलंत, मला ते इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

माती ओळखीची आहे. इंग्रजीत तिला फुलर्स अर्थ म्हणतात. आपली मुलतानी माती! तेल शोषून घेणारी. चेहऱ्याचं तेल घालवायला आपण लावतो तीच ते मेंढीचं तेल घालवायला वापरत. दक्षिण इंग्लंडात सरे परगण्यात, नटफील्ड-रेडहिलच्या बाजूला, तिच्या मोठ्या खाणी होत्या.

रसायनी:

मुताबद्दल नाकं मुरडणाऱ्यांसाठी थोडी शाळा. ताज्या मूत्राचा उपयोग नाही, ते शिळं व्हावं लागतं. त्यातला युरिया जिवाणू फोडतात आणि अमोनिया तयार होतो. अमोनिया अल्कली, तो चरबीवर काम करून साबणासारखा परिणाम देतो. साबण महाग होता आणि मूत्र फुकट. यॉर्कशरमध्ये या शिळ्या मूत्राला लँट म्हणत आणि ते घराघरांतून गोळा होई.

रोमन लोक हेच करत. लॅटिनमध्ये हे काम करणारा फुल्लो, त्यावरून इंग्रजी फुलर. पाँपेईच्या उत्खननात अशी अख्खी कार्यशाळा सापडली आहे, हौदांसकट. सम्राट व्हेस्पासियनने सार्वजनिक मुताऱ्यांतून उचलल्या जाणाऱ्या मूत्रावर कर बसवला आणि मुलाने नाक दाबल्यावर "पैशाला वास येत नाही" असं सुनावल्याची आख्यायिका आहे.

अवांतर: साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू आहे ना, फुलरीन? त्याच्या शोधाला १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बकमिन्स्टर फुलर या वास्तुविशारदाच्या गोल घुमटांवरून ते नाव. म्हणजे नोबेलच्या व्यासपीठापर्यंत एक लोकर तुडवणारा पोचला.

खडीसाखर:

संध्याकाळी चहा घेता घेता हा प्रतिसाद वाचला. चहा तसाच आहे.

मोडीवाचक:

आपल्याकडच्या इतिहासात हे तिघेही भाऊ येऊन गेलेत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही का?

वॉकर: अलेक्झांडर वॉकर, स्कॉटलंडच्या फाइफचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला. बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी रेसिडेंट होता. १८०७ मध्ये काठेवाडच्या संस्थानिकांशी खंडणीचे करार केले ते 'वॉकर सेटलमेंट' म्हणूनच ओळखले जातात. त्याआधी गायकवाडांना दर खेपेला फौज घेऊन मुलूखगिरीवर जावं लागे. मुलींना जन्मताच मारण्याच्या तिथल्या प्रथेविरुद्धही त्याने लिहून घेतलं होतं. पुढे सेंट हेलेनाचा गव्हर्नर झाला.

टकर: फ्रेडरिक टकर, सनदी नोकरी सोडून साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेत गेला. सप्टेंबर १८८२ मध्ये मुंबईत उतरून त्याने भारतातलं काम सुरू केलं. भगवे कपडे, अनवाणी पाय, नाव घेतलं फकीरसिंग. संस्थापक बूथ यांची मुलगी एमा हिच्याशी लग्न केल्यावर बूथ-टकर झाला. बायकोचं आडनाव आपल्या आडनावाआधी जोडणारा पुरुष, एकोणिसाव्या शतकात!

फुलर: बॅम्फिल्ड फुलर. बंगालच्या फाळणीनंतर पूर्व बंगाल-आसामचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर, १९०६ मध्ये राजीनामा देऊन गेला. त्याआधी मध्य प्रांतात जमीनमोजणी आणि शेतीखात्यावर होता, तेव्हा नागपूरकरांचे पणजोबा त्याला ओळखत असणार.

तिघांपैकी एकाच्याही पायाला हौद लागला नसेल. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मराठी बायबलात मार्कच्या नवव्या अध्यायात येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की पृथ्वीवरच्या कुणा परटालाही तशी करता येणार नाहीत, असं आहे. इंग्रजी बायबलात त्या जागी फुलर आहे. चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या इंग्रजी भाषांतरात तर फुलर आणि वॉकर दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिलेत, कुठल्याही भागातल्या वाचकाला कळावं म्हणून. सातारी_कंदी यांनी परीट-वरठी म्हटलं ते वाचून हेच आठवलं.

सातारी_कंदी:

वा! "परीट, म्हणजे वरठी" असं छापल्यासारखंच की.

एक शंका. सगळे वॉकर मग एकमेकांचे भाऊबंद का? इथे सात पिढ्यांवर कुळी जुळते का बघतात, म्हणून विचारतो.

हिशेबनीस:

नाही. प्रत्येक गावात एक तुडवणारा, तेव्हा नाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं. हे आता रक्तातूनही तपासता येतं, कारण आडनाव आणि वाय गुणसूत्र दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये चाळीस ब्रिटिश आडनावांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावात बहुतेक पुरुषांचं वाय गुणसूत्र एकच निघालं, म्हणजे मूळपुरुष एक. स्मिथांचं मात्र परक्या दोन माणसांइतकंच वेगळं. धंद्यावरून पडलेली मोठी नावं या दुसऱ्या टोकाला जातात. वॉकरांचं लग्न वॉकरांशी लावायला हरकत नाही.

रानमोगरा:

मला बायका कुठे आहेत ते सांगा. सगळं आडनावांवर आलं की बायका गायब होतात.

मीच सांगते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर हे काम बायका करत. ओलं ट्वीड, म्हणजे जाडं लोकरी कापड, लांब फळीवर पसरून दोन्ही बाजूंना बायका बसायच्या आणि तालात कापड आपटत एकीकडून दुसरीकडे सरकवायच्या. एक जण कडवं म्हणायची, बाकीच्या पालुपद. ही गेलिक (तिथल्या जुन्या भाषेतली) गाणी विसाव्या शतकात ध्वनिमुद्रित केली गेली आणि ती ऐकताना मला आजीचं जातं आठवतं. ताल हातांनी ठरवलेला, शब्द घरातल्या दुखण्याचे, मधूनच कुणाची तरी टिंगल. कापड नेहमी सूर्याच्या फेऱ्याच्या दिशेने सरकवायचं, उलट नाही, आणि एका बैठकीत तेच गाणं परत म्हणायचं नाही, म्हटलं तर अपशकुन. आपल्याकडे ओव्या कितीदाही म्हणा, जातं काही म्हणत नाही.

इतकं काम बायकांनी केलं आणि आडनाव मिळालं पुरुषांना.

मोडीवाचक:

@रानमोगरा, बायकांच्या धंद्याची खूण काही आडनावांत राहिली आहे. वेबस्टर बघा. विणणाऱ्या बाईला जुन्या इंग्रजीत 'स्टर' प्रत्यय लागायचा: वेबस्टर विणणारी, बॅक्स्टर भाजणारी. पुढे उत्तरेत हे शब्द पुरुषांनाही लागू झाले आणि आडनाव म्हणून मुलांना गेले. विणकराच्या नावांचाही नकाशा आहे: दक्षिणेत वेब, नैर्ऋत्येत वेबर, उत्तरेत वेबस्टर. रंगाऱ्याचा यॉर्कशरमधला शब्द लिस्टर. त्यामुळे एका पानावर लिस्टर, वेबस्टर, वॉकर दिसले की उत्तरेचा वास येतो. (रसायनी म्हणतात तो नव्हे.)

निरगुडी:

रानमोगरा, तुमच्या प्रतिसादानंतर ती गाणी शोधून ऐकली. आईने पूर्ण ऐकली. शब्द एक कळला नाही तरी म्हणाली, "पाचजणी आहेत आणि एकीला घरी जायची घाई झालीय."

गेलिकची गोष्ट आडनावातही आहे. कापड तुडवणाऱ्याला गेलिकमध्ये फूकदर म्हणत. 'फूकदराचा मुलगा' अशा अर्थाची मॅक लावलेली नावं होती. इंग्रजी कागदपत्रांत आल्यावर त्यांतल्या कित्येकांचं भाषांतर होऊन वॉकर झालं. म्हणजे स्कॉटलंडचे काही वॉकर भाषांतरित वॉकर आहेत. वेल्समध्ये मात्र टोनीपँडीसारख्या गावाच्या नावात कापड कुटायच्या गिरणीचा वेल्श शब्द, पँडी, आहे. पण त्या धंद्याचं आडनाव फारसं नाही, कारण तिथे बापाच्या नावावरून जोन्स, डेव्हिस, एव्हान्स हेच चाललं.

आता मला सगळ्यात मजेची वाटलेली गोष्ट. ही आडनावं जेव्हा पडत होती तेव्हा पायांनी तुडवणं मागे पडायला लागलं होतं! पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे कापड कुटायला लागले होते. टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या सरदारांच्या मालमत्तेची ११८५ ची यादी आहे, तिच्यात अशा गिरण्यांच्या इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या नोंदी सापडतात, एक ग्लॉस्टरशरमध्ये आणि एक यॉर्कशरमध्ये. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत गिरण्या पसरल्या. एलेनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी १९४१ मध्ये याला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांतीच म्हटलं होतं. त्यावर पुढे वाद झाले, पण गिरण्या होत्या हे नक्की. म्हणजे चौदाव्या शतकातल्या करयादीत ज्याच्या नावापुढे वॉकर लागलं तो बहुधा हातोड्यांवर नजर ठेवत काठावर उभा होता. शब्द पायांचा, काम पाण्याचं. डायल नसलेल्या फोनवर आपण नंबर डायल करतो, तसंच.

घोंगडीवाला:

मग मी एक वाकडा प्रश्न विचारतो. त्यांच्याकडे आडनाव राहिलं आणि धंदा सुटला. दोन-चार पिढ्यांत वॉकर पाववाला झाला, पाद्री झाला, कंपनीचा साहेब झाला, आणि त्याला कुणी "तू मुतातला" म्हटलं नाही. आपल्याकडे उलटं. आडनाव बदललं तरी माणसं धंदा हुंगत येतात. आमच्या चुलत्यांनी नोकरीत लागल्यावर आडनाव बदलून गावावरून 'कर' लावलं होतं. पहिल्याच आठवड्यात ऑफिसात विचारणा झाली, "गाव कळलं, पण तुम्ही कोण?"

सातारी_कंदी:

याला उत्तर नाही माझ्याकडे. विचारणाऱ्यांत आमच्या घरचेही असायचे.

हिशेबनीस:

@घोंगडीवाला, मुद्दा बरोबर आहे, एकच पुस्ती. इंग्लंडातही सुरुवातीला नाव चिकटणं म्हणजे ओळख चिकटणंच होतं. पण तिथे प्लेगने, १३४८ नंतर, इतकी माणसं मेली की उरलेल्यांना धंदा बदलायला, गाव सोडायला वाव मिळाला. मजुरी वाढू नये म्हणून सरकारने कायदे केले तरी माणसं निघून गेलीच. जन्माने धंदा ठरवणारी धर्माची चौकट त्यांच्या मागे नव्हती. त्यामुळे १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा-लग्न-मरणाच्या नोंदवह्या ठेवायला लागले तोपर्यंत नाव आणि काम यांची फारकत होऊन गेली होती.

खडीसाखर:

धागा गंभीर झाला, म्हणून माझ्या ग्लासाकडे परत येतो. यावेळी अभ्यास करून आलोय.

जॉन वॉकर, जन्म १८०५, स्कॉटलंडच्या किल्मारनॉकचा. १८२० मध्ये तिथे किराणा दुकान टाकलं. बाटलीवरचा तो टोपीवाला, ढांगा टाकत निघालेला माणूस १९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराने काढला. म्हणजे खुद्द कंपनीनेच निरगुडींच्या आईंसारखा अर्थ लावला: वॉकर, तर चालताना दाखवा! खरं चित्र काढायचं तर गुडघाभर मुतात उभा माणूस काढावा लागला असता आणि खप किती झाला असता ते तुम्हीच ठरवा.

पुढचा टप्पा मुंबईतला. इंदूरचे बद्रुद्दीन काझी, बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर. प्रवाशांना नकला करून हसवायचे. दारुड्याचं सोंग असं वठवलं की गुरुदत्तनी नाव ठेवलं जॉनी वॉकर, आणि स्वतः ते म्हणे दारूला शिवत नसत. लोकर तुडवणारा, त्याचा किराणावाला वंशज, त्याची बाटली, आणि त्या बाटलीवरून आपला बसकंडक्टर. चालत चालत कुठे आलं बघा हे नाव.

रसायनी:

@खडीसाखर, चहा प्यालात का?

निरगुडी:

कालचा वृत्तांत देऊन माझ्याकडून थांबतो.

आईने येताना मुलतानी मातीची चार पाकिटं आणली होती. का, ते विचारू नका. लोणचं, मेतकूट आणि मुलतानी माती हे तिचं परदेशवारीचं ठरलेलं सामान. धागा तिला वाचून दाखवत होतो. मातीचा उल्लेख आल्यावर ती वॉकर टेकत टेकत आत गेली, एक पाकीट घेऊन आली आणि म्हणाली, "हे त्यांना दे. त्यांच्या घरचंच आहे."

आजोबांनी चष्मा लावून पाकिटावरची अक्षरं वाचली. खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत फुलर्स अर्थ लिहिलेलं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"हे दक्षिणेकडच्यांचं नाव. यॉर्कशरमध्ये ही वॉकर्स अर्थ."

जर्मन लोक खरोखरच तिला वाल्क-एर्डे, म्हणजे तुडवण्याची माती, म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, जर्मनांना तरी अक्कल आहे. मग आईकडे वळून विचारलं, हे लावायचं कसं. आईने दोन्ही गालांवर हात फिरवून दाखवलं. आज सकाळी दूधवाल्याने मला थांबवून काळजीने विचारलं, शेजारच्या आजोबांची तब्येत बरी आहे ना, दार उघडलं तेव्हा चेहरा भिंतीसारखा पांढरा होता.